हाताने भरलेल्या काडतुसांची नोंदवही कशी ठेवावी

डब्यात २० काडतुसं होती. पितळ लख्ख, गोळ्या सरळ बसलेल्या, दिसायला देखणी. डब्यावर मात्र एक अक्षरही नव्हतं. भरली मीच होती, पण पावडर कोणती आणि किती ग्रेन (पावडर मोजायचं वजनाचं एकक), हे काही केल्या आठवेना. ‘नेहमीचीच असणार’ असं मन सांगत होतं. पण .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांच्या घरात जातो आणि तो आपल्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो. तिथे ‘असणार’ चालत नाही. ती अख्खी संध्याकाळ गोळ्या उपटण्यात गेली. निघालेली पावडर कुठल्याही डब्यात परत न ओतता टाकून दिली. तेव्हापासून एक नियम पाळतो: आधी वही, मग पावडर.

वही बांधीव घ्या. सुट्या कागदांची फाइल नको, पानं निसटतात. पानांना क्रमांक घाला. संगणकावर तक्ता ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण तो वहीवरून उतरवा. भरायला बसताना टेबलावर वहीच हवी. प्रत्येक खेपेला एक क्रमांक द्या, म्हणजे त्या वर्षातली सातवी खेप असेल तर वर्ष आणि ७. त्या पानावर सगळ्यात वर लिहायचं ते हे प्रमाण कुठून घेतलं: कोणत्या उत्पादकाची माहितीपुस्तिका, कितवी आवृत्ती, कोणतं पान, सुरुवातीचं वजन किती, कमाल किती. हे दोन आकडे डोळ्यांसमोर असले की हात आपोआप आवरता राहतो. मित्राने तोंडी सांगितलेलं प्रमाण छापील पुस्तिकेत सापडत नसेल, तर ते माझ्या वहीत येत नाही.

आता पावडर. इथे घाई अजिबात नको. डबा समोर ठेवून त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या. नुसतं ‘४८३१’ लिहिलंत तर ती नोंद निरुपयोगी आहे, कारण आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ या दोन वेगळ्या पावडरी आहेत आणि एकीचं प्रमाण दुसरीला लावता येत नाही. सहा महिन्यांनी पान उघडाल तेव्हा त्या एका ‘एच’वर सगळं अवलंबून असेल. नावाखाली लॉट क्रमांक (कारखान्यातल्या घाण्याचा क्रमांक) आणि डबा उघडल्याची तारीख लिहा. लॉट बदलला की पावडरीचा जोर थोडा कमीजास्त होऊ शकतो, म्हणून नवा डबा उघडला की नवं पान घ्यायचं आणि कमी वजनापासून पुन्हा वर चढायचं. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा. काम संपलं की मापातली उरलेली पावडर लगेच त्याच डब्यात परत घाला.

तराजूचीही नोंद हवी. ठरावीक वजनाचा तुकडा ठेवून काटा काय दाखवतो ते दर बैठकीला लिहा. इलेक्ट्रॉनिक तराजूवर एकक बदलायचं बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४३ ग्रेन, तेव्हा ही चूक लहान नाही. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘ग्रेन’ लिहायचा कंटाळा करू नका.

पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीचा इतिहास लिहिणारे कमी, पण माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना तोच. एका खेपेच्या पुंगळ्या कायम एकत्र ठेवा आणि लिहा: बनावट कोणाची, कितव्यांदा भरतोय, तोंड कापून लांबी कधी सारखी केली, मान (गोळी धरणारा तोंडाजवळचा अरुंद भाग) कधी तापवून मऊ केली. दर वेळी पितळ थोडं लांबतं. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच. ती ओलांडली तर पुंगळीचं तोंड चेंबरच्या (नळीतली काडतूस बसायची जागा) टोकाला अडून गोळीला चिमटीत धरू शकतं आणि दाब भलताच वाढतो. बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं तर आतलं पितळ पातळ होत चाललंय असं समजा. तार वाकवून आतून फिरवून बघा. खाच लागली तर ती पुंगळी बाद, आणि कितव्या भरणीला बाद झाली ते वहीत. दोन-तीन खेपांनंतर हेच आकडे सांगतात की आपल्या रायफलीत ही पुंगळी किती टिकते. सैनिकी पुंगळ्या बहुधा जाड असतात, आत जागा कमी उरते. त्यांचं पान वेगळं ठेवा.

प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि गोळी यांची बनावट, प्रकार, वजन व लॉट, आणि भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी एवढं पुरे.

डब्यावरची चिठ्ठी पहिलं काडतूस भरण्याआधी चिकटवा: खेप क्रमांक, कोणत्या रायफलीसाठी, पावडरीचं पूर्ण नाव, वजन, गोळी, तारीख. वेगवेगळ्या वजनांची चाचणी असेल तर प्रत्येक वजनाला वेगळी पिशवी आणि वेगळी चिठ्ठी.

वही मैदानावरही न्या. हवेचं तापमान लिहा, कारण बऱ्याच पावडरींचा जोर उष्णतेने वाढतो. थंडीत बिनतक्रार चाललेलं कमाल वजन भर उन्हात जड जाऊ शकतं. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर सरासरीसोबत प्रत्येक गोळीचा वेग टिपा. ३ गोळ्यांचा सुंदर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर जवळजवळ पडलेली भोकं पाहून हुरळून जाऊ नका, तेच वजन दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडून बघा. लक्ष्याचा कागद अंतर आणि तारीख घालून वहीतच चिकटवा.

दर गोळीनंतर रिकामी पुंगळी हातात घेऊन बघा. प्रायमर चपटा झालाय, बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर ढकलणारा भाग) ठसा उमटलाय, बोल्ट (चेंबर बंद करणारा खटका) उचलायला जोर लागतोय, दाब जास्त झाल्याची यातली कुठलीही खूण दिसली तर तिथेच थांबा. माझ्या एका पानावर लाल शाईत आहे: ‘सहाव्या गोळीला बोल्ट जड. थांबलो. उरलेली १४ घरी नेऊन मोडली.’ त्या वजनाखाली दोन रेघा आहेत आणि पुढच्या खेपेचं पान त्याच्या खालच्या आकड्याने सुरू होतं.