शेतातल्या मॉडेल विमानाचे एलेरॉन आणि फ्लॅप कसे जुळवावेत

उलंगवाडी होऊन, म्हणजे कापसाची वेचणी संपून, पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटली गेली, की विदर्भातले मोकळे शेत मॉडेल विमानासाठी उत्तम मैदान ठरते. मात्र धुऱ्यावरून (बांधावरून) विमान सोडण्यापूर्वी पंखांच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्ट्या तपासून घ्याव्यात.

टोकाकडील पट्ट्या म्हणजे एलेरॉन, आणि त्या परस्परविरुद्ध हलतात. रिमोटची दांडी उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन वर व डावा खाली जायला हवा, कारण डाव्या पंखाची उचल वाढून उजव्याची घटते आणि विमान उजवीकडे कलते. ही तपासणी विमानाच्या मागे उभे राहूनच करावी. समोरून पाहिल्यास हमखास घोटाळा होतो. खाली गेलेला एलेरॉन हवेचा अवरोधही वाढवतो, त्यामुळे विमानाचे नाक वळणाच्या उलट दिशेला ओढले जाते. म्हणून एलेरॉन वर जितका जातो, त्याच्या साधारण निम्माच तो खाली जाईल असे ठेवावे.

धडाजवळचे फ्लॅप मात्र दोन्ही एकत्र आणि सारखेच खाली यावेत, अन्यथा विमान एका बाजूला उलटेल. थोडे उतरवलेले फ्लॅप मुख्यतः उचल वाढवतात, तर पूर्ण उतरवलेले फ्लॅप अवरोध वाढवून कमी वेगात उतरणे सोपे करतात. सेस्ना १७२ या खऱ्या छोट्या विमानाच्या नंतरच्या आवृत्त्यांत ते १०, २० व ३० अंशांच्या टप्प्यांनी उतरतात.

फ्लॅपचा पहिला प्रयोग पुरेशा उंचीवर, वेग कमी करून करावा. नाक वर उचलले गेल्यास एलेव्हेटर (शेपटीवरील, नाक वर-खाली करणारी पट्टी) किंचित खाली द्यावा. वैशाखातल्या दुपारी हवा विरळ असते आणि उचल कमी मिळते, त्यामुळे उड्डाणासाठी सकाळच निवडावी.