छपरातली वटवाघळं: एकमार्गी झडप, पाहणीपासून शेवटची फट बुजेपर्यंत

वटवाघूळ लाकूड कुरतडत नाही, भोक पाडत नाही, घरटंही बांधत नाही. आधीच असलेली फट सापडली की ते आत येतं. म्हणून हे काम प्राणी पकडणाऱ्याचं कमी आणि सुताराचं जास्त. अंधार पडला की वटवाघळं खाण्यासाठी आपणहून बाहेर जातात. आपल्याला फक्त परतीची वाट बंद करायची असते. त्यासाठी फटीवर एकमार्गी झडप बसवायची: तिच्यातून वटवाघूळ बाहेर पडू शकतं, पण परत आत येऊ शकत नाही. खाली दिलेली पद्धत फटीत राहणाऱ्या, किडे खाणाऱ्या छोट्या जातींसाठी आहे. झाडांना उघड्यावर लटकणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांना ती लागू नाही.

आधी हंगाम पाहा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पिल्लांच्या दिवसांत झडप लावणं. माद्या एकत्र जमून वितात आणि पिल्लाला उडता यायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात. तेवढ्यात झडप बसली तर आया बाहेर अडकतात आणि पिल्लं आत उपाशी मरतात. मग दुर्गंधी सुटते, माश्या होतात आणि पिल्लासाठी वेड्यापिशा झालेल्या माद्या दुसरी वाट शोधत राहत्या खोल्यांत शिरतात. उत्तर गोलार्धातल्या थंड-समशीतोष्ण भागांत हा धोक्याचा काळ ढोबळमानाने जूनपासून ऑगस्टपर्यंत असतो. उष्ण प्रदेशांत तो जातीगणिक बदलतो, काही जाती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वितात, त्यामुळे तिथे नुसत्या कॅलेंडरवर विसंबू नका. प्रौढ वटवाघळं बाहेर पडून गेल्यावरही छपरातून बारीक चिवचिव येत असेल, तर काम तिथेच थांबवा.

दुसरी अट थंडीची. रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बरीचशी वटवाघळं बाहेरच पडत नाहीत, म्हणजे झडप असून नसल्यासारखीच.

कायदाही आधीच तपासा. उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली वटवाघळांची मुक्कामाची जागा रिकामी असली तरी संरक्षित असते.

पाहणी

दिवसा शिडी लावून छपराची कड, आढ्याची पट्टी, भिंत आणि छप्पर यांचा सांधा, पन्हळी पत्र्याच्या उघड्या लाटा, वाफारे (हवा खेळण्यासाठी ठेवलेली भोकं) आणि धुराड्याभोवतीचा पत्रा पाहा. ६ मिलिमीटरपेक्षा रुंद फट संशयित धरायची. जिथे पेन्सिल शिरते तिथे छोट्या जातीचं वटवाघूळही शिरू शकतं. वापरातल्या फटीच्या कडेला अंगाच्या तेलाने तपकिरी, चिकट डाग पडलेला असतो आणि खाली भिंतीवर लेंड्या चिकटलेल्या असतात. लेंडी उंदराची की वटवाघळाची, असा घोळ नेहमी होतो. हातमोजे घालून ती कागदावर काडीने दाबा: वटवाघळाची लेंडी चुरा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकाकणारे तुकडे दिसतात, उंदराची तशी होत नाही.

संध्याकाळची पाहणी टाळली तर बाकी सगळं अंदाजपंचे. दोघं जण इमारतीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभे राहिले की प्रत्येकाला दोन भिंती दिसतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी उभं राहायचं आणि पूर्ण अंधार झाल्यावरही थांबायचं. कुठल्या फटीतून किती बाहेर पडली ते लिहून ठेवा. फटीवर टॉर्च मारू नका, ती आतच थबकतात. पाऊस किंवा जोराचा वारा असलेली संध्याकाळ मोजणीत धरू नका.

क्रम चुकला की काम फसलं

आधी बुजवायच्या त्या वापरात नसलेल्या फटी. वापरातल्या फटी उघड्याच ठेवून त्यांच्यावर झडपा चढवायच्या. हे उलटं केलं, म्हणजे आधी झडपा लावल्या, तर परतलेली वटवाघळं दोन हात बाजूच्या दुसऱ्या फटीतून आत जातात आणि आठवडाभराने गिऱ्हाइकाचा फोन येतो. सिलिकॉन (फट बुजवायचा चिकट लेप) ओलं असताना वटवाघूळ त्यावरून सरकलं तर चिकटून बसतं. म्हणून वापरातल्या फटीजवळ ओलं काही ठेवू नका.

झडप दोन प्रकारची. सपाट भिंतीवर जाळी सोपी पडते: ४ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची, वजनाला हलकी प्लॅस्टिकची जाळी घ्या. वरची कड आणि दोन्ही बाजू पक्क्या करा, खालची कड मोकळी सोडा. जाळी फटीच्या खाली निदान ६० सेंटिमीटर लोंबली पाहिजे. ती ताणून बसवू नका. जाळी आणि भिंत यांच्यात वटवाघूळ सरपटत खाली येईल एवढी ढील हवी. परतणारं वटवाघूळ वासाच्या खुणेने थेट जुन्या फटीवर उतरतं आणि तिथेच धडपडतं, खाली जाऊन मोकळ्या कडेतून वर चढण्याचं त्याला सहसा सुचत नाही. मोठ्या छिद्रांची जाळी मात्र घातक, पंख आणि डोकी अडकतात.

कोपरे, गोल भोकं आणि पन्हळी पत्र्यासाठी नळी वापरा: साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची, २५ सेंटिमीटर लांब, आतून गुळगुळीत. आतून खरबरीत असेल तर तिला धरून वटवाघूळ परत वर चढतं. नळीचं आतलं टोक भोकात ६ मिलिमीटरहून जास्त घुसवू नका, नाहीतर कडेकडेने येणाऱ्या वटवाघळाला तोंडच सापडत नाही. बाहेरचं टोक खाली झुकलेलं ठेवा आणि त्यावर पातळ प्लॅस्टिकची बाही चढवा, ती आपोआप चपटी होते. नळीभोवतीची उरलेली जागा बंद करायला विसरू नका. लांब आडव्या फटीला एक झडप पुरत नाही, थोड्या थोड्या अंतरावर अनेक लावाव्या लागतात.

झडपा किमान ५ ते ७ रात्री राहू द्या. मध्ये पावसाच्या रात्री गेल्या तर तेवढ्या वाढवा. मग पुन्हा एक संध्याकाळ उभं राहून मोजा. एकही बाहेर आलं नाही, की झडप काढा आणि त्याच दिवशी फट बुजवा.

बुजवताना नुसत्या फोमवर भागवू नका. उन्हाने तो ठिसूळ होतो आणि उंदीर तो कुरतडतात. अरुंद फटीत फोमची दोरी दाबून वर सीलंट, रुंद फटीत स्टेनलेस स्टीलची जाळी आणि तिच्यावर पट्टी. वाफारे मात्र जाळीनेच झाका; ते हवाबंद केले तर छपरात दमट धरतं आणि लाकूड कुजतं.

डांबराच्या गोळ्या आणि अल्ट्रासोनिक यंत्रं यांवर पैसे घालवू नका. विष तर मुळीच नको: भोवंडलेली वटवाघळं जमिनीवर पडतात आणि माणसांच्या, पाळीव जनावरांच्या हाती-तोंडी लागतात.

लेंड्या आणि अवजारं

साचलेल्या लेंड्यांत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते, तिचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसात जातात. कोरड्या झाडूने झाडणं हे त्याचं हमखास निमंत्रण. आधी पाणी फवारून ओलं करा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा श्वसन-मास्क वापरा आणि लेंड्या पिशवीत भरून बांधा. उघड्या हाताने वटवाघूळ धरू नका. त्याचा चावा इतका बारीक असतो की खूण दिसत नाही. चावा किंवा ओरखडा झाला तर जागा साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजसाठी डॉक्टर गाठा. नियमित हे काम करणाऱ्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेतलेली असावी.

उत्तर अमेरिकेत २००६ मध्ये पहिल्यांदा आढळलेला पांढऱ्या नाकाचा बुरशीजन्य रोग तिथल्या वटवाघळांच्या प्रचंड संख्येला भोवला आहे आणि ती बुरशी कपडे-दोरांवरूनही पसरते. अशा भागांत एका इमारतीतून दुसरीकडे जाण्याआधी भिजवता येण्याजोगं सगळं सामान ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान २० मिनिटं बुडवून ठेवा. आधी चिखल आणि धूळ घासून काढा, नाहीतर त्यांच्याखालची बुरशी तशीच राहते.