बिल ट्रेलर इंटरमिजिएटला बसला असता तर

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांना मला ए ग्रेड होती. पुढे एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली. त्यामुळे चित्र ‘बरोबर’ कधी असतं याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. स्थिरचित्रात तांब्याच्या तोंडाचा लंबगोल चुकला, की गेले मार्क. एवढी शिदोरी घेऊन मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका शाळेत आधी आफ्टरस्कूलला (शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायच्या वर्गाला) आणि मग कलाशिक्षिका म्हणून लागले. पहिल्याच वर्षी पाचवीसाठी युनिट हातात आलं ते ‘सेल्फ-टॉट’ अमेरिकन कलाकारांचं, म्हणजे ज्यांना लंबगोल कुणी शिकवलाच नाही त्यांचं. इकडे कलाशिक्षक म्हणून नव्याने लागणारे आपले लोक फोन करून याच युनिटबद्दल विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

सुरुवात मी बिल ट्रेलरपासून केली, आणि चुकीची केली. अलाबामात 1853 च्या सुमारास गुलामगिरीत जन्म, मुक्तीनंतरही कित्येक वर्षं त्याच मळ्यावर राबणं, म्हातारपणी माँटगोमेरी शहरात एकटं येणं, रात्री अंत्यविधीचं काम करणाऱ्यांच्या दुकानात मागच्या खोलीत झोपणं. दिवसा मन्रो स्ट्रीटच्या फूटपाथवर बसून, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, टाकाऊ पुठ्ठ्यांवर चित्रं काढायला लागणं. वीस मिनिटं मी हेच सांगत होते. मुलं चिडीचूप. मला वाटलं, तास रंगला. मग म्हटलं, आता तुम्ही काढा. बहुतेकांनी साखळदंड आणि रडणारी माणसं काढली. एका मुलीने स्क्रीनकडे बोट करून विचारलं, “पण हा कुठे रडतोय?” स्क्रीनवरच्या चित्रात बोट रोखून उभा असलेला टोपीवाला माणूस होता, आणि त्याच्या पायाशी कुत्रा. कुणीही रडत नव्हतं. मी दिलेली कीव मुलांनी कागदावर उतरवली होती. चित्राकडे त्या मुलीखेरीज एकानेही बघितलं नव्हतं.

तेव्हापासून पहिली दहा मिनिटं नाव नाही, साल नाही, गोष्ट नाही. फक्त चित्र. प्रिंट शक्यतो मूळ आकाराची काढा, कारण स्क्रीनवर सगळंच भिंतीएवढं वाटतं. मग विचारा, हा माणूस प्यायलेला आहे का, कशावरून? कुत्रा चावेल का? ट्रेलरची माणसं एकरंगी सावल्यांसारखी असतात, डोळा असला तर एक ठिपका, तरीही चालण्यावरून कळतं कोण रागावलंय आणि कोणाचा तोल गेलाय. सरळ रेघा तो पट्टीसारखी काठी लावून मारायचा. पुठ्ठ्याचा कोपरा फाटलेला असला, डाग असला, तर चित्र त्याप्रमाणे वळवून घ्यायचा.

“हे तर माझा धाकटा भाऊपण काढेल” असं कुणीतरी म्हणतंच. रागावू नका. म्हणावं, काढ बरं. तो कुत्रा बघून बघून काढायला लावा. पाय मोजून चार येतात, पण कुत्र्याचं वजन येत नाही. पहिल्यांदा मी स्वतः काढून बघितला, मलाही आलं नाही. ए ग्रेडवालीला!

गोष्ट त्यानंतर सांगायची, आणि सांगायचीच. इंग्रजीत बोलताना ‘स्लेव्ह’ न म्हणता ‘एन्स्लेव्ड’ म्हणायची इथे रीत आहे. माणूस गुलाम नव्हता, त्याला गुलाम केलं होतं, हा फरक मुलांना लगेच कळतो. आपल्या लोकांना वाटतं हा इतिहास आपल्याला लांबचा. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. ट्रेलर तेव्हा विशीत होता.

चार्ल्स शॅनन या तरुण गोऱ्या चित्रकाराने ट्रेलरला रंग आणून दिले, चित्रं जपून ठेवली, म्हणून ती आज आहेत. हजाराहून जास्त, तीही तीन-चार वर्षांतली.

आता या कलेच्या नावांचा घोळ. कुणी ‘फोक’ म्हणतं, कुणी ‘आउटसायडर’. हा दुसरा शब्द रॉजर कार्डिनलने 1972 साली रूढ केला. तो मी वर्गात वापरत नाही, कारण मुलं विचारतात, “कशाच्या आउटसाइड?” आणि माझ्याकडे धड उत्तर नसतं. ‘सेल्फ-टॉट’ही सगळीकडे बसत नाही. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांच्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या होत्या. त्या बायका आई-मावशीच्या हाताखालीच शिकल्या. म्हणजे शाळा होती, फी नव्हती. आपल्याकडच्या वाकळा आठवतात, पण म्हणून ‘अमेरिकन वाकळ’ म्हणू नका. तसंच ट्रेलरला ‘अमेरिकन वारली’ म्हणायचा मोह आवरा. वारली लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकामागे अख्ख्या जमातीची रीत आहे. ट्रेलरच्या कुत्र्यामागे ट्रेलर एकटा.

ग्रँडमा मोझेसने, म्हणजे म्हातारपणी चित्रं काढायला लागलेल्या शेतकरी आजीने, सुरुवात करा असं ऑफिसातून सुचवतील. बर्फ, घोडे, घसरगाड्या, सगळं गोड. तिला मधे कुठेतरी घ्या. हेन्री डार्गर प्राथमिकला अजिबात नको, त्याच्या चित्रांत लहान मुलांवरचे अत्याचार आहेत. हॉवर्ड फिन्स्टर आमच्या जॉर्जियातलाच, धर्मोपदेशक आणि सायकली दुरुस्त करणारा. 1976 साली बोटाला लागलेल्या रंगात त्याला चेहरा दिसला आणि पुढे त्याने नंबर टाकून शेहेचाळीस हजारांवर कलाकृती केल्या. तास संपल्यावरही मुलं बोटं न्याहाळत बसतात.

क्लेमेंटाइन हंटर ही कृष्णवर्णीय चित्रकर्ती मात्र सोडू नका. लुइझियानातल्या मेलरोज मळ्यावर कापूस वेचला, स्वयंपाक केला, आणि तिथे पाहुणे आलेल्या चित्रकारांनी मागे टाकलेल्या रंगांनी चित्रं काढली. घरात प्रदर्शन मांडून बघायचे 25 सेंट घ्यायची. 1955 साली एका कॉलेजात तिची चित्रं लागली, पण गोऱ्या प्रेक्षकांबरोबर तिला ती बघता येत नव्हती. पुढे 1986 साली त्याच संस्थेने तिला मानद डॉक्टरेट दिली. इथे मुलं हळहळत नाहीत, चिडतात. ते मला जास्त पटतं.

प्रात्यक्षिकात माझी फजिती जिमी ली सडथने केली. अलाबामाचा हा माणूस चिखलात साखर-काकवी कालवून प्लायवूडवर बोटांनी रंगवायचा. जॉर्जियाची माती गेरूसारखी लाल, फुकटची. आम्ही शुक्रवारी चित्रं रंगवून खिडकीत वाळत ठेवली. सोमवारी खिडकीपासून माझ्या टेबलापर्यंत मुंग्यांची रांग! आता साखरेऐवजी पांढरा गोंद घालते आणि मुलांना मुंग्यांचं सांगते.

मार्कांच्या तक्त्यात ‘प्रमाणबद्धता’ असा रकाना असायचा. या युनिटपुरता तो खोडून ‘पुठ्ठ्याचा आकार वापरला का’ असं लिहिते. मागच्या वर्षी एका मुलाने खोक्याची फाटलेली बाजू कुत्र्याचा जबडा केली. इंटरमिजिएटला नापास झाला असता. मी पैकीच्या पैकी दिले.

पुठ्ठे ऑगस्टपासूनच जमवायला लागा, नाहीतर पालक दुकानातून नवे कोरे आणून देतात. सीरियलचे खोके उत्तम. पिझ्झाचे नकोत. डाग चालतो, पण तेलावर पोस्टर कलर धरत नाही.