रात्रीचा मोबाइल आवरताना

शिक्षणासाठी सोलापुरात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने मोबाइल एकदम सोडण्याचा निश्चय करू नये. वर्गाच्या सूचना, नोट्स आणि परीक्षेचे अर्ज सगळे त्याच फोनवर येत असल्यामुळे तो निश्चय चार दिवसही टिकत नाही. त्यापेक्षा आधी रात्रीपुरता फोन आवरावा, कारण झोप बिघडली की चिडचिड, विसराळूपणा आणि उदासी वाढत जाते.

सुरुवातीला आठवडाभर काहीही न बदलता केवळ निरीक्षण करावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधील ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये किंवा आयफोनच्या ‘स्क्रीन टाइम’मध्ये कोणते ॲप किती वेळ वापरले, हे दिसते. एकूण तासांचा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. रात्री अकरानंतर काय उघडले आणि त्या वेळी मनात काय चालले होते, हे वहीत एका ओळीत लिहावे. ‘सबमिशनची धास्ती’, ‘घरची आठवण’, ‘नुसता कंटाळा’ अशा नोंदी आठ दिवस केल्या, की हात फोनकडे का जातो ते कळू लागते. हा भाग बहुतेक जण टाळतात, आणि नेमका तोच सर्वांत उपयोगी असतो.

त्यानंतर चार्जर कॉटजवळून काढून दाराजवळच्या बोर्डाला लावावा आणि गजराचे साधे घड्याळ घ्यावे, म्हणजे ‘अलार्मसाठी’ फोन उशाशी ठेवण्याची सबब उरत नाही. ॲपवर लावलेल्या वेळमर्यादेवर फार विसंबू नये. ती आपणच लावलेली असते आणि आपणच काढतो. रिकामा वेळही आधीच ठरवून भरावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या दुपारी बाहेर पडवत नाही, त्यामुळे सिद्धेश्वर तलावाकडची फेरी पहाटेच ठेवावी. लवकर उठण्याच्या ओढीने रात्रही आपोआप लवकर आटोपते.

मात्र दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, तासिका बुडत असतील किंवा खाण्यापिण्यावरची इच्छा उडाली असेल, तर दोष केवळ मोबाइलला देऊ नये; मूळचे नैराश्य फोनआड लपलेले असू शकते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असल्यास त्याच क्षणी फोन करावा आणि जवळच्या कोणाला तरी सोबत थांबवून घ्यावे. समोरासमोर बोलायचे असेल, तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधील मानसोपचार विभागात जावे; संकोच वाटत असेल तर रूम पार्टनरला बरोबर न्यावे आणि केसपेपर सकाळी लवकर काढावा.