संगणकाची माहिती कोडमधून काढताना या चुका टाळा

संगणकाला त्याच्या हार्डवेअरविषयी विचारले की उत्तर क्षणात मिळते, आणि उत्तर मिळाले की नवशिका ते पडताळून पाहत नाही.

बायोसमधील (संगणक सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रोग्राममधील) सिरियल नंबर हीच यंत्राची ओळख मानणे, ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली आणि स्वतःही केलेली चूक आहे. एका प्रोग्रामचा परवाना मी याच नंबरशी जोडला होता. तयार लॅपटॉपवर तो सुरळीत चालला. मात्र एका ग्राहकाकडे सुटे भाग जोडून बनवलेले संगणक होते आणि तेथे पहिल्याची नोंद होताच उरलेल्या सर्वांवर ‘हे यंत्र आधीच नोंदलेले आहे’ असा संदेश येऊ लागला. दोन दिवस मी डेटाबेसवर संशय घेत राहिलो. अखेर आलेली मूल्ये जशीच्या तशी लॉगमध्ये छापली, तेव्हा प्रत्येक ओळीत ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ एवढेच होते; उत्पादकाने भरायची जागा कोणी भरलीच नव्हती. तेव्हापासून मी इन्स्टॉल करतेवेळीच स्वतःचा यूयूआयडी (दरवेळी वेगळा येणारा लांबलचक ओळख क्रमांक) तयार करून साठवतो आणि ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’सारखे निव्वळ जागा भरण्यापुरते काही आले की तो रकाना रिकामा समजतो. त्याऐवजी मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) वापरण्याची पळवाटही भरवशाची नाही, कारण पायथॉनचे ‘यूयूआयडी.गेटनोड’ हे फंक्शन पत्ता न सापडल्यास कोणतीही तक्रार न करता वाटेल तो आकडा बनवून देते.

आवृत्तीच्या बाबतीतही असेच घडते. विंडोज ११ आपली आवृत्ती १०.० अशीच सांगते आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील) ‘प्रॉडक्टनेम’मध्येही ‘विंडोज १०’ असेच लिहिलेले आढळते. फरक कळतो तो बिल्ड क्रमांकावरून, जो ११ साठी २२००० पासून सुरू होतो. हे क्रमांक मजकूर म्हणून ताडून पाहण्याचा आळशीपणा तर मुळीच करू नये, कारण त्या हिशेबात पहिले अक्षर ‘१’ असल्याने ‘१०.०’ हे ‘६.१’च्या (विंडोज ७ च्या अंतर्गत आवृत्तीच्या) आधी येते आणि विंडोज १० हे विंडोज ७ पेक्षा जुने ठरते.

‘डब्ल्यूएमआयसी’ या विंडोजमधील यंत्राची माहिती देणाऱ्या आज्ञेचे आउटपुट तोडून वाचणारा कोड कोठूनतरी उतरवू नये, ती आज्ञा कालबाह्य ठरली आहे, पॉवरशेलमधील ‘गेट-सिमइन्स्टन्स’ वापरावे.

पायथॉनचे ‘ओएस.सीपीयू_काउंट’ लॉजिकल प्रोसेसर (एका कोअरचे एकाहून अधिकही दिसू शकतात) मोजते, प्रत्यक्ष कोअर नव्हे.

लिनक्सवर पायथॉनचे ‘प्लॅटफॉर्म.रिलीज’ कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती देते. डिस्ट्रोचे (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराचे) नाव ‘/ईटीसी/ओएस-रिलीज’ या फाइलमध्ये पाहावे.

विंडोजवर ग्राफिक्स कार्डाची मेमरी ‘ॲडॅप्टररॅम’ या रकान्यातून वाचू नये, तो रकाना ३२ बिटांचा असल्यामुळे त्यात ४ जीबीपेक्षा मोठा आकडा मावतच नाही.