गाडीचा रोबो घेताय? आधी सांधे बघा

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका दुकानात परवा पुतण्याला जुना ट्रान्सफॉर्मर, म्हणजे गाडीचा रोबो होणारं खेळणं, दिसला. पेटी नव्हती, भाव मात्र पेटीसकटचा! त्याला म्हटलं, थांब, आधी हातात घे.

सगळ्यात आधी पांढरं प्लास्टिक बघावं. उन्हात राहिलेलं असलं की ते चहा सांडलेल्या बनियनसारखं पिवळट दिसतं. मग रोबो उभा करा. स्वतःच्या पायावर उभा राहिला, खांदे लटकले नाहीत, तर सांधे ठीक. गाडी करताना जोर लावू नका. एखादा भाग अडला तर बहुधा आपली पायरी चुकलेली असते, आणि पिन तुटली की किंमत गेलीच. चमकी मिसळलेलं सोनेरी प्लास्टिक असेल तर फिरवूच नका. ते आतून ठिसूळ होतं आणि नुसत्या हात लावण्याने भुगा होऊ शकतो.

ही खेळणी 1984 साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने आणली, पण बरेचसे साचे जपानच्या टाकारा कंपनीचे, आधीचे. म्हणून अंगावर 1980 कोरलेलं दिसलं तर चक्रावू नका, ते बनवल्याचं साल नव्हे. अंगठ्याने घासल्यावर उबेने चिन्ह उमटवणारं स्टिकर 1985 पासून आलं. ते नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका. इंदूरच्या मे महिन्यात तर ते न घासताच उमटेल, तेव्हा सकाळी गारव्यात तपासा.

बंदूक, मुठी, क्षेपणास्त्रं मोजून घ्या. हीच आधी हरवतात. पुतण्याच्या रोबोला एकच मूठ निघाली.