बी-क्वार्कची मोजणी नेमकी कुठे फसते? जड क्वार्कच्या विश्लेषणात या चुका टाळा

पिथियावर (कणांच्या टकरी संगणकात घडवून दाखवणारा प्रोग्राम) काम सुरू केलेला विद्यार्थी पहिल्या काही दिवसांतच विचारतो, "माझ्याकडे बी-क्वार्क (बॉटम नावाचे जड क्वार्क) प्रत्यक्ष डेटापेक्षा इतके कमी का येताहेत?" त्याची सेटिंगची फाइल उघडली की बहुधा कारण समोरच असतं. हार्डक्यूसीडीच्या, म्हणजे जोरदार टकरींच्या, यादीतला फक्त बी-प्रतिबी (बी आणि त्याचा प्रतिकण) जोडीचा स्विच चालू असतो.

नाव वाचून तोच बरोबर वाटतो, पण त्यातून एकच वाट मिळते: दोन ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणारे कण) किंवा क्वार्क-प्रतिक्वार्क आदळून थेट जोडी तयार होणं. सर्नच्या एलएचसी या प्रोटॉन आदळवणाऱ्या यंत्राच्या ऊर्जेला आणखी दोन वाटा आहेत आणि त्यांचा मिळून वाटा बऱ्याचदा पहिलीहून मोठा असतो. कधी प्रोटॉनमधला ग्लुऑन टकरीच्या आधीच जोडीत फुटलेला असतो आणि त्यातला एक बी टकरीत सापडतो. कधी टक्कर साध्या ग्लुऑनांची असते आणि बाहेर पडलेला ग्लुऑन पुढे शॉवरमध्ये (कण फुटत जाण्याच्या साखळीत) फुटतो. म्हणून सगळ्या हार्डक्यूसीडी प्रक्रिया चालू करा, किंवा कमी पीटीपासून (पीटी म्हणजे टकरीच्या रेषेला आडवा संवेग) हवं असेल तर सॉफ्टक्यूसीडीतली (सर्वसाधारण टकरींच्या यादीतली) नॉनडिफ्रॅक्टिव्ह प्रक्रिया घ्या, आणि बी असलेले इव्हेंट (एकेका टकरीच्या नोंदी) गाळून ठेवा. हे दोन्ही नमुने एकात एक मिसळू नका, त्याच टकरी दोनदा मोजल्या जातात. संगणकाला वेळ लागेल हे खरं. 13 टीईव्ही ऊर्जेला प्रोटॉनांच्या इनइलॅस्टिक (नवे कण निर्माण करणाऱ्या) टकरींचा क्रॉस-सेक्शन (घडण्याच्या शक्यतेचं माप) सुमारे 80 मिलिबार्न आणि बी-प्रतिबीचा सुमारे अर्धा मिलिबार्न, म्हणजे दीडशेच्या आसपास टकरींत एखादी कामाची.

चूक झाली आहे का, हे एका आलेखात कळतं. बी आणि प्रतिबी यांच्यातला कोन काढा. सगळी गर्दी 180 अंशांपाशीच असेल तर उरलेल्या दोन वाटा बंद आहेत. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाने 7 टीईव्हीच्या डेटात हाच कोन मोजून 2011 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे लहान कोनालाही भरपूर जोड्या दिसतात. त्या ग्लुऑन फुटण्यातून येतात.

याच्या उलट तक्रार, 'बी फार जास्त येताहेत', आली की इव्हेंट रेकॉर्ड (पिथियाने लिहिलेली कणांची यादी) बघा. एकच बी-क्वार्क शॉवरच्या प्रत्येक पायरीला नव्या ओळीत उतरतो. ओळी मोजाल तर एकाचे दहा होतील. क्वार्कची शेवटची नोंद घ्या. त्याहून बरं म्हणजे क्षीण बलाने क्षय पावणारे बी-हॅड्रॉन (बी-क्वार्क असलेले संयुक्त कण) मोजा. मात्र बी-स्टार मेसॉन (बी-मेसॉनचीच उत्तेजित अवस्था) फोटॉन सोडून साधा बी-मेसॉन होतो, तेव्हा दोन्ही मोजू नका.

क्वार्क मोजायचा की हॅड्रॉन, या एका प्रश्नावर आपल्या क्षेत्राची काही वर्षं खर्ची पडली आहेत, म्हणून इथे थोडं थांबतो. अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉन या टक्करयंत्रावर 1990च्या दशकात बी-उत्पादन सिद्धान्ताच्या दोन-तीन पट निघत होतं. हलक्या सुपरसिमेट्रिक (केवळ गृहीत, न सापडलेल्या) कणांपर्यंत तर्क गेले. तिथल्या सीडीएफ प्रयोगाच्या बी-प्लस मेसॉनच्या मोजमापात डेटा आणि सिद्धान्ताचं गुणोत्तर 2.9 होतं. 2002 मध्ये मात्तेओ काच्चारी आणि पाओलो नासोन यांनी गणित पुन्हा मांडलं. क्वार्कचा किती संवेग हॅड्रॉनकडे जातो हे सांगणारं पीटरसन फलन 0.006 या प्राचलासह सर्रास वापरलं जात होतं. ते प्राचल ज्या गणितासोबत बसवलेलं होतं ते वेगळं, आणि ज्याला जोडलं ते वेगळं. पीटीचा आलेख इतका तीव्र उतरता आहे की हॅड्रॉनचा वाटा जरा कमी धरला तरी ठरावीक पीटीचं उत्तर खूप खाली येतं. दोन्हीकडे एकच पद्धत वापरल्यावर गुणोत्तर 1.7 वर आलं, अनिश्चितता धरली तर फारसं काही उरलं नाही. टेव्हाट्रॉनच्या पुढच्या टप्प्याचा डेटाही या गणिताशी जुळला.

म्हणून डेटाला मागे ढकलून 'क्वार्क पातळी'वर नेऊ नका. डिटेक्टरला क्वार्क कधीच दिसत नाही. सिद्धान्त पुढे आणा, हॅड्रॉनपर्यंत, आणि मोजलेल्या कक्षेतच तुलना करा. हाच नियम वस्तुमानालाही लागू. बॉटमचं 4.18 जीईव्ही हे एमएस-बार (एका विशिष्ट गणिती पद्धतीने ठरवलेलं) वस्तुमान आहे. पोल वस्तुमान, म्हणजे वेगळ्या व्याख्येचं वस्तुमान, मागणाऱ्या प्रोग्रामला ते देऊ नका.

चार्म या दुसऱ्या जड क्वार्कच्या बाबतीत वेगळाच फास आहे. डी-मेसॉन (चार्म असलेले कण) मोजायचे आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींतली वाटणी (कोणत्या हॅड्रॉनकडे किती चार्म जातो ते प्रमाण) वापरून एकूण चार्म काढायचा, ही अनेक वर्षांची रीत होती. अ‍ॅलिसने (एलएचसीवरचा प्रयोग) 5.02 टीईव्हीच्या प्रोटॉन टकरींत दाखवलं की चार्मपैकी सुमारे 20 टक्के लॅम्डा-सी बॅरियॉनकडे जातो. जुन्या वाटणीत हा हिस्सा 6 टक्क्यांच्या आसपास होता. जुना आकडा वापरलात तर एकूण चार्म बराच कमी भरतो. वाटणी सगळीकडे सारखीच असते हे गृहीत इतकं सवयीचं होतं की कुणाला खटकत नव्हतं. मला स्वतःला हा निकाल गेल्या काही वर्षांतला सर्वांत शिकवणारा वाटतो.

खऱ्या डेटात डी-झिरो हा डी-मेसॉन त्याच्या क्षयातल्या केऑन आणि पायऑनवरून शोधताना त्यांतला कोणता कोण ही ओळख पटत नसेल तर वस्तुमानांची अदलाबदल होते. मग शिखराखाली एक रुंद उंचवटा येतो. त्याला पार्श्वभूमी समजून सरळ रेषेने फिट केलंत तर संख्या चुकते. त्याचा आकार सिम्युलेशनमधून घेऊन फिटमध्ये घाला. उत्तर नेमकं दुप्पट किंवा निम्मं येत असेल तर डी-झिरो आणि प्रतिडी-झिरो दोन्ही मोजून 2 ने भागायचं राहिलंय का, की दोनदा भागलं, ते तपासा. केऑन-पायऑन क्षयाचं प्रमाण जेमतेम 4 टक्के आहे, तेही विसरू नका.

जे-साय (चार्म-प्रतिचार्मचा मेसॉन) किंवा डी मोजताना त्यातले किती बी-हॅड्रॉनच्या क्षयातून आले, हे वेगळं केल्याशिवाय आकडा छापू नका. जे-सायमध्ये कमी पीटीला हा हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपास असतो, वरच्या पीटीला निम्म्याहून जास्त. बी-हॅड्रॉन सरासरी दीड पिकोसेकंद जगतो, म्हणून त्याचा क्षय मुख्य व्हर्टेक्सपासून (मूळ टकरीच्या जागेपासून) दूर होतो. त्या अंतराचा आलेख फिट करून दोन गट वेगळे करता येतात. मात्र एकाच वेळी अनेक टकरी होत असताना मुख्य व्हर्टेक्सच चुकीचा धरला गेला तर साधा जे-सायही 'दुरून आलेला' दिसतो. शेपटी अवाजवी लांब दिसली की आधी व्हर्टेक्सची निवड तपासा, फिटला हात नंतर लावा.